वेळापत्रकाच्या आधी अभ्यासक्रमाची नोंद

प्रश्न : मी एका विद्यापीठाच्या वेळापत्रक समितीची सदस्य आहे. दर सत्राला आम्ही गेल्या वर्षीचे वेळापत्रक पुढे ओढतो आणि त्यात दुरुस्त्या करतो. विभाग आपापल्या स्प्रेडशीट पाठवतात, त्या आम्ही हाताने जुळवतो आणि सत्राचे पहिले तीन आठवडे तक्रारी निस्तरण्यात जातात. आता नवी संगणकप्रणाली घेण्याचा विचार सुरू आहे. ती आल्यावर वेळापत्रक आपोआप तयार होईल का? आणि सुरुवात कुठून करावी?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यावरच अवलंबून आहे. सुरुवात अभ्यासक्रमाच्या नोंदीपासून करावी. एखादा विषय कोणत्या पदवीसाठी सक्तीचा आहे आणि कोणासाठी वैकल्पिक, त्याचे श्रेयांक किती, आठवड्याला व्याख्यानाच्या तासिका किती आणि प्रात्यक्षिकाच्या किती, प्रात्यक्षिकाला सलग तासिका लागतात का, तो घेण्याआधी कोणता विषय उत्तीर्ण असावा लागतो, ही सगळी माहिती वेळापत्रकाचा कच्चा माल असते. ती सहसा चार ठिकाणी विखुरलेली आढळते : विद्या परिषदेच्या इतिवृत्तात, प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत, परीक्षा विभागाच्या प्रणालीत आणि विभागप्रमुखांच्या स्प्रेडशीटमध्ये. या चार नोंदींत मेळ नसेल, तर कितीही महागडी प्रणाली आणली तरी ती चुकीच्या माहितीवरून चुकीचे वेळापत्रक अधिक वेगाने तयार करील. म्हणून मंजूर अभ्यासक्रमाची एकच अधिकृत नोंद असावी, तिच्यात बदल करण्याचा अधिकार कोणाला आहे ते लेखी ठरलेले असावे आणि वेळापत्रक, प्रवेश व परीक्षा या तिन्ही विभागांनी तीच नोंद वाचावी. या कामात एखादे सत्र गेले, तरी ते सत्र वाया गेले असे मी मानणार नाही.

गेल्या वर्षीचे वेळापत्रक पुढे ओढण्याच्या पद्धतीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. त्यात जुन्या तडजोडी नियमांचे रूप घेतात. एका अध्यापकांच्या सोयीसाठी कधीकाळी दुपारी ठेवलेला विषय ते निवृत्त झाल्यावरही दुपारीच राहतो, आणि त्याच वेळेला सक्तीचा दुसरा विषय असलेले विद्यार्थी वर्षानुवर्षे त्याला मुकतात. असे का आहे, हे कोणालाच सांगता येत नाही, कारण कारण कधी नोंदवलेलेच नसते.

आता ‘आपोआप’ या शब्दाविषयी. वेळापत्रकाचे मूळ कोडे आलेखाच्या, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या जाळ्याच्या, रंगकामासारखे आहे. प्रत्येक विषय हा एक बिंदू मानावा, ज्या दोन विषयांत एक जरी विद्यार्थी सामाईक असेल ते दोन बिंदू रेषेने जोडावेत, आणि जोडलेल्या बिंदूंना एकच रंग येणार नाही अशा रीतीने सगळे बिंदू रंगवावेत. येथे रंग म्हणजे तासिकेची वेळ. विषय ४० आणि उपलब्ध वेळा ३० असतील, तर केवळ विषयांना वेळा वाटून देण्याच्या रीतींची संख्या ६० अंकी होते, आणि यात खोल्यांचा व अध्यापकांचा विचार अजून आलेलाच नाही. शिमॉन इव्हन, अलोन इताई आणि आदी शमीर या संशोधकांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात वेळापत्रकाचा प्रश्न ‘एनपी-पूर्ण’ या वर्गातला असल्याचे सिद्ध केले. म्हणजे प्रत्येक वेळापत्रकाला हमखास आणि झटपट लागू पडेल अशी कोणतीही रीत आजवर कोणाला सापडलेली नाही. संगणक सर्वोत्तम उत्तराची हमी देत नाही, तो चांगले उत्तर शोधतो, आणि चांगले कशाला म्हणायचे हे आपण त्याला सांगावे लागते.

हे सांगण्यासाठी अटींचे दोन ढीग करावेत. एका अध्यापकाला एकाच वेळी दोन वर्गांवर पाठवता येत नाही, किंवा प्रयोगशाळेत जागांपेक्षा अधिक विद्यार्थी बसवता येत नाहीत, या मोडता न येणाऱ्या अटी झाल्या. सकाळची पहिली तासिका नको, दोन व्याख्यानांमध्ये फार मोकळा वेळ नको, या पसंतीच्या अटी झाल्या. त्यांना गुण द्यावे लागतात आणि त्यांपैकी काही मोडल्या जाणारच हे सर्वांनी आधी मान्य करावे लागते. प्रत्यक्षात मात्र जवळजवळ प्रत्येक पसंती मोडता न येणारी अट म्हणून समितीकडे येते. तेव्हा प्रत्येक ‘जमणार नाही’ कारणासह लिहून घ्यावे आणि पसंतींना दिलेले गुण सर्व विभागांना दाखवावेत. ज्येष्ठांच्या आणि कनिष्ठांच्या सोयीला वेगवेगळे वजन मिळत असेल, तर ते उघड होईल. ते उघड होणे मला आवश्यक वाटते.

प्रणाली निवडताना युनिटाइम या खुल्या स्रोताच्या, म्हणजे जिचा मूळ संगणकीय मजकूर सर्वांना पाहता व वापरता येतो अशा, प्रणालीची कार्यपद्धती जरूर अभ्यासावी. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात तिचा विकास झाला. तेथे मोठ्या व्याख्यानगृहांतील तासिका आधी एकत्रितपणे बसवल्या गेल्या आणि उरलेल्या तासिकांचे काम विभागवार झाले. ही विभागणी अनुकरणीय आहे, कारण सगळे काम केंद्राकडे घेतले तर विभागांकडची बारीक माहिती हरवते, आणि सगळे विभागांवर सोपवले तर मोठ्या खोल्यांवरून ओढाताण होते. हाताने काम करणाऱ्यांनाही उपयोगी पडेल असा एक नियम वेल्श आणि पॉवेल या संशोधकांनी १९६७ मध्ये मांडला होता : ज्या विषयाच्या इतर विषयांशी सर्वाधिक टकरी होतात, तो सर्वांत आधी बसवावा. सोपे विषय आधी उरकून अवघड विषय शेवटी ठेवण्याची आपली सवय याच्या नेमकी उलट आहे.

प्रश्न : आमच्या विभागाला वर्गखोल्या अपुऱ्या पडतात. प्रशासन म्हणते की खोल्या रिकाम्या असतात. खरे कोणाचे?

उत्तर : दोघांचेही खरे असू शकते, कारण दोघे वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात. एका खोलीच्या आठवड्यातील ४८ तासिकांपैकी ३६ वापरात असतील, तर वापर ७५ टक्के झाला. पण ८० आसनांच्या त्या खोलीत सरासरी ३२ विद्यार्थी बसत असतील, तर आसने ४० टक्केच भरली. दोन्हींचा गुणाकार ३० टक्के येतो. विभागाला पहिला आकडा जाणवतो, प्रशासनाला तिसरा दिसतो आणि दुखणे बहुधा दुसऱ्यात असते : लहान तुकड्या मोठ्या खोल्यांत बसलेल्या असतात. शिवाय आठवड्याच्या मधल्या दिवसांत, सकाळच्या उत्तरार्धात सगळ्यांचीच गर्दी होते. नवी इमारत मागण्याआधी तासवार आकडे काढावेत आणि पटसंख्येबरोबर प्रत्यक्ष उपस्थितीही मोजावी.

प्रश्न : मी अभ्यास मंडळावर आहे. आम्ही पाठ्यक्रम सुधारतो, पण जुने विद्यार्थी अडकून पडतात आणि काहींची पदवी लांबते. हे कसे टाळावे?

उत्तर : येथे दोन वेगळे दोष एकत्र आले आहेत. पहिला आवृत्तीचा. विद्यार्थ्याने ज्या वर्षी प्रवेश घेतला, त्या वर्षीच्या नियमांनुसार त्याला पदवी मिळायला हवी. त्यासाठी प्रत्येक विषयाच्या नोंदीवर ती कोणत्या सत्रापासून लागू आणि कोणत्या सत्रापर्यंत वैध, हे असावे. जुनी नोंद पुसून तिच्या जागी नवी लिहिणे ही गंभीर चूक आहे. विषय बंद करताना त्याला समकक्ष विषय कोणता, हे त्याच ठरावात मंजूर करून घ्यावे. नंतर वेगळे परिपत्रक काढू असे म्हटले, की ते परिपत्रक येईपर्यंत विद्यार्थी खेटे घालत राहतात.

दुसरा दोष पूर्वअटींच्या, म्हणजे एखादा विषय घेण्याआधी उत्तीर्ण व्हाव्या लागणाऱ्या विषयांच्या, साखळीचा आहे आणि तो अधिक खोल आहे. ग्रेगरी हाइलमन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासक्रमाच्या विश्लेषणासाठी दोन मापे वापरली आहेत : एखाद्या विषयातून जाणारी सर्वांत लांब साखळी किती विषयांची आहे, आणि तो विषय राहिल्यास पुढचे किती विषय बंद होतात. समजा, आठ सत्रांच्या पदवीत सात विषयांची एक साखळी आहे. विद्यार्थ्याला फक्त एका सत्राची सवड उरते. साखळीतला पहिला विषय वर्षातून एकदाच शिकवला जात असेल आणि तो त्यात अनुत्तीर्ण झाला, तर त्याची दोन सत्रे जातात आणि नियत वेळेत पदवी पूर्ण होणे अशक्य होते, मग पुढे त्याने कितीही कष्ट केले तरी. हे वेळापत्रकाने आणि अभ्यासक्रमाने मिळून केलेले नुकसान आहे, आणि मोल मात्र विद्यार्थी भरतो. असे विषय शोधून ते दोन्ही सत्रांत शिकवावेत. ते शक्य नसेल तर प्रत्येक पूर्वअट खरोखर आवश्यक आहे का, हे त्या विषयाच्या अध्यापकांना विचारावे. अनेक पूर्वअटी कोणे एके काळी घातलेल्या असतात, आणि दरम्यान मूळ विषयाचा आशय पार बदललेला असतो.

प्रश्न : वेळापत्रक जाहीर झाल्यावर एखादे अध्यापक रजेवर गेले, तर प्रणालीने सगळे नव्याने मांडावे का?

उत्तर : मुळीच नाही. जाहीर वेळापत्रकावर विद्यार्थ्यांनी नोकरीच्या, प्रवासाच्या आणि घरच्या जबाबदारीच्या वेळा बांधलेल्या असतात. प्रणालीला नवे सर्वोत्तम वेळापत्रक मागू नये, जुन्यापासून सर्वांत कमी ढळणारे मागावे. वेळापत्रकाच्या अभ्यासकांनी ‘किमान फेरबदल’ हा प्रश्न स्वतंत्रपणे हाताळला आहे. चांगल्या प्रणालीत बदलाआधी किती विद्यार्थ्यांच्या तासिका हलतील ते दिसते. खरेदीपूर्वीच्या प्रात्यक्षिकात विक्रेत्याच्या नमुना माहितीऐवजी आपल्या मागील सत्राची खरी माहिती भरून हीच रजा घालून पाहावी, आणि हलणाऱ्या विद्यार्थ्यांचा आकडा त्याच बैठकीत मागावा.