भाकरीचा व्हिडिओ

प्रश्न : ताई, आम्ही कोल्हापूरजवळ राहतो. मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत शिफ्टला आहे, मिसेस पतसंस्थेत. मुलगा पाचवीत आहे. लहानपणापासून त्याला आईशेजारी बसून काटवटीत पीठ मळायची हौस. आता तो जोंधळ्याची भाकरी अशी थापतो की कडा कुठे चिरत नाही आणि तव्यावर टम्म फुगते. मी त्याचा व्हिडिओ स्टेटसला ठेवला, पाहुण्यांच्या ग्रुपवरही टाकला. सगळ्यांनी फार कौतुक केलं. पण तो फिरत फिरत वर्गातल्या मुलांपर्यंत गेला आणि पोरं त्याला ‘बायल्या’ म्हणायला लागली. तेव्हापासून तो गॅसकडे फिरकत नाही, पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः भरून घेत नाही. माझी आई म्हणते, बरं झालं. मोठी मुलगी नववीत आहे, तिचा काही त्रास नाही, घरातलं सगळं बघते. मुलाला परत कसं वळवू?
– एक वडील

उत्तर : दादा, पोराला आधी थोडे दिवस सोडा. त्याला रोज त्याच वर्गात बसायचंय. तुमच्या हौसेपायी त्यानं टोमणे का खावेत?

मला खटकलं ते वेगळंच. तुमच्या मूळ पत्रात (इथे आम्ही ते छोटं केलंय) भाकरीवर दीड पान आहे आणि मुलीवर एक ओळ. घरातलं सगळं बघते म्हणजे भाकऱ्याही थापत असणार. तिचा व्हिडिओ कुठल्या ग्रुपवर आहे?

पोरानं केलं की कौतुक, पोरीनं केलं की त्यात काय एवढं. पाहुणे म्हणाले, मुलगा असून करतो! वर्गातली पोरं म्हणाली, मुलगा असून करतो? दोघांचं म्हणणं एकच. २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात बाई आणि पुरुष मिळून भाजी निवडताहेत असं चित्र छापलं, तर त्याची बातमी झाली. एकट्या बाईनं भाजी निवडली असती तर कोण बातमी करणार होतं?

माणसांचा दिवस कशात जातो याची केंद्र सरकारनं २०२४ साली पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. आणि ही ८८ मिनिटंसुद्धा जे करतात त्यांची. जे हातच लावत नाहीत ते या सरासरीत नाहीत.

तेव्हा भाकरीचं नाव सध्या काढू नका. रात्रीची भांडी दोघांत वाटून द्या, एक दिवस त्याची, एक दिवस तिची. खरकटं काढणं, ओटा पुसणं त्यातच आलं. भांडी घासताना कुणी व्हिडिओ काढत नाही, तेच बरं. पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात तुम्ही दुपारी घरी येत असाल, त्या संध्याकाळची भाजी तुमची. मीठ जास्त पडलं तरी निमूट खातील. आत्ता तो स्वयंपाकघरात काय बघतो? आई आणि ताई कामात, बाबा मोबाइल धरून उभे. आईंना समजावत बसू नका, जेवण झालं की त्यांचं ताट तुम्ही उचला. त्या कुरकुरतील, तरी उचला.

चिडवणाऱ्यांसाठी उतारा कोल्हापुरातच आहे. तालमीत राहणारे कितीतरी मल्ल आपलं जेवण आपणच रांधतात. ओळख काढून एखाद्या रविवारी पोराला तिथं घेऊन जा. पुन्हा कुणी काही म्हटलं तर सांगायला त्याच्याकडे काहीतरी असेल. पण हा उतारा एकदाच. सारखा दिलात तर पैलवान करतात म्हणून चालतं एवढंच तो शिकेल, आणि ताई करते ते बाईचंच काम राहील. चिडवणं हातघाईवर आलं तर मात्र सरळ वर्गशिक्षकांना भेटा.

व्हिडिओ काढून टाकायचा की ठेवायचा, हे पोराला विचारा. टाकण्याआधी विचारलं नव्हतंत, असं दिसतंय.

आणि मुलगी. पुढच्या वर्षी तिची दहावी. भांडी वाटली गेली की तिला दिवसाआड एक संध्याकाळ सुटी मिळेल. लगेच ‘आता अभ्यासाला बस’ म्हणू नका. टीव्हीपुढे लोळत पडली तर पडू दे.