थेंबभर रक्त आणि ‘एनर्जी’चा रिपोर्ट

बोटाच्या थेंबातून पेशींची ऊर्जा मोजण्याबद्दल इतकी पत्रं आली आहेत की एकदाच उत्तरं देतो.

एटीपी म्हणजे जीवनसत्त्व का?
नाही. एटीपी म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन. पेशी ते स्वतः बनवते आणि लगेच खर्चून टाकते.

एका थेंबात ते खरंच मोजता येतं?
येतं. काजव्यात असतं ते ल्युसिफरेज एन्झाइम वापरतात. एटीपी मिळालं की प्रकाश पडतो, यंत्र तो मोजतं. थेंब पुरतो, तो घेतला कसा आणि ठेवला कसा, यावर सगळं अडतं.

सकाळी घरी येऊन रक्त नेलं. एटीपी कमी आलं. आठवड्याने पुन्हा दिलं, तर नॉर्मल! खरं कोणतं?
बहुधा कोणतंच नाही. रक्त काढलं म्हणजे पेशी मेल्या असं नव्हे. जांभळ्या झाकणाच्या बाटलीतही त्या ग्लुकोज खात राहतात, ताशी ५ ते ७ टक्के, आणि एटीपीचं प्रमाण बदलत राहतं. म्हणून रक्त काढताक्षणी आम्ल घालून एन्झाइमं थांबवायची आणि नमुना बर्फात ठेवायचा. एनएडी (ऊर्जा बनवताना पेशी वापरते तो रेणू) मोजायचं तर आणखी कटकट: त्याचं दुसरं रूप एनएडीएच आम्लात टिकत नाही, अल्कलीत एनएडी टिकत नाही. नमुने दोन हवेत. बोट पिळून थेंब काढला की पेशी फुटतात. प्लाझ्मातलं, म्हणजे रक्तातल्या पेशींभोवतीच्या द्रवातलं, एटीपी पेशीतल्यापेक्षा हजारपटीहून कमी असतं, त्यामुळे मूठभर पेशी फुटल्या तरी प्लाझ्माचा आकडा गेला. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीतून आलेली एक बाटली मी सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवली, तर एरवी पिवळसर असणारा वरचा प्लाझ्मा फुटलेल्या पेशींमुळे चक्क कोकम सरबतासारखा लाल! तरी रिपोर्ट हवाच होता. रक्त काढल्याची आणि नमुना प्रक्रियेला घेतल्याची वेळ मागा. ती सांगता येत नसेल, तर पैसे देऊ नका.

हिमोग्लोबिन ८.९ आहे. एटीपी कमी, म्हणजे ‘मायटोकॉन्ड्रिया कमजोर’ असं सांगून तीन महिन्यांचा कोर्स दिलाय.
रक्तातलं जवळजवळ सगळं एटीपी तांबड्या पेशींत असतं, आणि त्यांच्यात मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाघरं, नसतातच! तुमच्या पेशीच कमी, म्हणून आकडा कमी. हिमोग्लोबिनच्या हिशेबात न मांडता असा आकडा दाखवणं ही विक्रीची युक्ती आहे. कोर्स राहू द्या. फिजिशियनकडे जाऊन ॲनिमिया का झाला ते शोधा. हे लांबवू नका.

मग ही तपासणी कोणालाच नको का?
थकव्यासाठी नको. पायरुवेट कायनेज या एन्झाइमच्या जन्मजात कमतरतेत तांबड्या पेशींना एटीपी कमी पडतं आणि त्या फुटतात. पण तिथेही निदान एन्झाइम आणि जनुकांच्या तपासणीवर होतं. घरात लहानपणापासून कावीळ आणि ॲनिमिया असेल, तर हेमॅटॉलॉजिस्टना (रक्तविकारतज्ज्ञांना) भेटा.

रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवू?
नको.

मला मधुमेह आहे. भाचा म्हणतो, एनएडी वाढवायला नायसिनचा (ब-३ जीवनसत्त्वाचा) मोठा डोस घे. गोळ्या आणल्यात. सुरू करू?
नको. मोठ्या डोसाने साखर वाढू शकते, लिव्हरलाही त्रास होतो. बाटली घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. भाच्यालाही न्या.