धर्मांचा अभ्यास हाच विषय घेऊन बी.ए. करायचं आहे, आखणी कशी करू?

तुम्ही लिहिलंय की सोलापूरला बारावी कला शाखेत आहात, पुढे 'रिलिजस स्टडीज'मध्ये पदवी करायची आहे, पण महाराष्ट्रात असा कोर्स कुठे दिसत नाही. घर माळकरी आहे, वडील खूश आहेत, पण ते खूश आहेत ते मुलगा कीर्तनकार होणार या समजुतीने, आणि त्यांना काय सांगावं हे तुम्हाला कळत नाहीये. मी तत्त्वज्ञानात बी.ए. आणि पालीत एम.ए. केलंय, सध्या कॉलेजात शिकवते. तेव्हा जेवढं माहीत आहे तेवढं सांगते.

आधी वडिलांचं. कीर्तनकार व्हायचं तर आळंदीची वारकरी शिक्षण संस्था आहे, जोग महाराजांनी १९१७ साली सुरू केलेली. तसंच वेदपाठशाळा, मदरसे, ख्रिस्ती सेमिनरी. तिथे धर्म शिकवतात तो आचरायला आणि पुढे सांगायला. तुम्हाला हवा आहे तो अभ्यास वेगळा. पंढरपूरच्या देवळातला चौऱ्याऐंशीचा शिलालेख वडिलांनी नक्की पाहिला असेल. त्या शिळेला पाठ लावली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, ही तिथली श्रद्धा. लेख आहे शके ११९५ ते ११९९मधला, म्हणजे इ.स. १२७३ ते १२७७, आणि त्यात देवळाला मिळालेल्या देणग्यांच्या नोंदी आहेत. धर्मांचा अभ्यासक तो लेख वाचतो, कोणी काय दिलं ते पाहतो, आणि तेवढ्याच गांभीर्याने विचारतो की देणग्यांची यादी असलेल्या दगडाला लोक पाठ कधीपासून आणि का लावू लागले. त्याने स्वतः पाठ लावावी की नाही हा त्याचा प्रश्न, परीक्षेत तो येत नाही. वडिलांना एवढं सांगितलंत तरी पुरे. माळ काढावी लागत नाही, हेही सांगा.

कोर्स सापडत नाही याचं एक कारण आपल्या घटनेच्या वाचनात आहे. कलम २८ म्हणतं की पूर्णपणे सरकारी पैशातून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही. धर्माचं शिक्षण आणि धर्मांविषयीचं शिक्षण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे शिक्षणावरच्या कोठारी आयोगाने १९६६च्या अहवालात मांडलं होतं आणि २००२ साली अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केलं. पण तोपर्यंत आपल्या विद्यापीठांना या विषयापासून चार हात लांब राहायची सवय लागून गेली होती, असं माझं मत. अमेरिकेत हाच फरक तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली मान्य केला आणि त्यानंतर सरकारी विद्यापीठांत या विषयाचे विभाग भराभर वाढले. इंग्लंडमध्ये लँकेस्टरला निनियन स्मार्ट यांनी १९६७ साली विभाग उभा केला. आपल्याकडे पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात १९६०च्या दशकापासून स्वतंत्र विभाग आहे, दिल्लीत जामिया मिल्लियामध्ये तौलनिक धर्मांचं केंद्र आहे, राजगीरच्या नालंदा विद्यापीठात बौद्ध अध्ययन आणि तौलनिक धर्म यांत एम.ए. करता येतं. म्हणजे या नावाची खरी दारं उघडतात ती मुख्यतः एम.ए.ला. त्याआधीची तीन-चार वर्षं तुम्हाला स्वतः जुळवावी लागतील.

ती जुळवताना बहुतेक मुलं 'मेजर, म्हणजे मुख्य विषय, कुठला घेऊ' इथून सुरुवात करतात. मी म्हणेन, आधी भाषा ठरवा. या विषयात पुढे कोण टिकतं आणि कोण टिकत नाही हे बऱ्याच अंशी यावर ठरतं की तुम्ही मूळ ग्रंथ वाचू शकता की दुसऱ्याच्या भाषांतरावर अवलंबून आहात. बाकीचं सगळं, म्हणजे सिद्धांत, पद्धती, फ्रेंच आणि जर्मन विद्वानांची नावं, एम.ए.मध्ये शिकता येतं. तेविसाव्या वर्षी संस्कृतचं व्याकरण पहिल्यापासून काढायला बसलेली मुलं मी पाहिली आहेत. करतात, पण रडतखडत.

तर पर्याय. संस्कृत हा रुळलेला रस्ता आहे, शिक्षक मिळतात, पुण्यात भांडारकर संस्था आणि डेक्कन कॉलेजची ग्रंथालयं आहेत, रामटेकला संस्कृत विद्यापीठ आहे. पालीकडे लोक कमी वळतात, पण महाराष्ट्राइतकी पालीची सोय देशात फार थोड्या ठिकाणी असेल. आपल्या बोर्डात अकरावी-बारावीला पाली आणि अर्धमागधी घेता येतात, पुणे, मुंबई आणि नागपूर विद्यापीठांत पालीचे विभाग आहेत. व्याकरण संस्कृतपेक्षा हलकं आहे, वर्षभर नेटाने केलंत तर सोपी सुत्तं (बुद्धाची प्रवचनं) वाचता येऊ लागतात. जैन परंपरेत रस असेल तर अर्धमागधी. सूफी परंपरा किंवा दख्खनच्या सुलतानशाह्यांचा काळ हवा असेल तर फारसी, आणि इथे स्पर्धा जवळपास नाहीच. मुंबईत राहायची सोय होत असेल तर सेंट झेवियर्समध्ये प्राचीन भारतीय संस्कृती हा विषय आहे, तिथलं हेरास संस्थेचं ग्रंथालय आहे, आणि फोर्टात पारशी धर्माच्या अभ्यासासाठी कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट १९१६पासून आहे.

आणि जुनी मराठी. हिला कोणी 'अभिजात भाषांच्या' रांगेत बसवून विद्यार्थ्याला सुचवत नाही, म्हणून मुद्दाम सुचवते. विचार करा, तेराव्या शतकातलं महानुभावांचं लीळाचरित्र, १२९०ची ज्ञानेश्वरी, श्रीगोंद्याच्या शेख महंमदांची रचना, गोव्यात राशोलला १६१६ साली छापलेलं फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण, आणि १९५६च्या धर्मांतरानंतर उभं राहिलेलं बौद्ध साहित्य आणि भीमगीतं. महानुभाव, वारकरी, सूफी, ख्रिस्ती, बौद्ध, हे सगळं एका भाषेच्या पोटात. तौलनिक अभ्यासाला यापेक्षा चांगली सामग्री कुठल्या भाषेत आहे ते मला सांगा. गुंथर सोनथायमर जर्मनीतून येऊन खंडोबा आणि धनगरांचा माग काढत मल्हारीच्या ठाण्यांवर हिंडले, ॲन फेल्डहाउस यांनी महानुभाव ग्रंथ आणि नद्या-तीर्थांवर उभं आयुष्य काढलं, एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीवर. या सगळ्यांना मराठी शिकून घ्यावी लागली. तुमची ती सोय जन्मतः झाली आहे. मोडी लिपी तेवढी शिकून घ्या, तिचे वर्ग ठिकठिकाणी होतात.

शिवाय तुम्ही सोलापूरचे. गड्डा यात्रा तुम्ही लहानपणापासून पाहत असाल. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर, त्यांनी शहराभोवती स्थापलेली ६८ लिंगं, नंदीध्वज, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा. त्या परंपरेची मूळ वचनं, म्हणजे शिवभक्तीच्या छोट्या रचना, कन्नडमध्ये आहेत. त्याच शहरात पद्मशाली समाजाचा मार्कंडेयाचा रथ निघतो आणि त्या समाजाची घरची भाषा तेलुगू. एका बाजूला पंढरपूर, दुसऱ्या बाजूला अक्कलकोट. तुमच्या घरी किंवा शेजारी कन्नड बोलत असतील तर लिपी शिकून वचनं वाचायला लागा. मराठी आणि कन्नड दोन्हींतून भक्तिपरंपरा वाचू शकणारे अभ्यासक बोटांवर मोजण्याइतके आहेत. विठ्ठलाचा शोध घेताना रा. चिं. ढेरे यांना गवळी-धनगरांच्या दैवतापर्यंत आणि दक्षिणेकडे जावं लागलं ते उगाच नाही. (ढेरे वाचताना घरी थोडी वादावादी होईल. होऊ द्या.)

आता मेजर. इथे मी शुद्ध व्यवहार सांगते. कॉलेजांत जागा निघतात त्या तत्त्वज्ञान, संस्कृत, मराठी, इतिहास, समाजशास्त्र यांच्या. नेटच्या, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षेच्या, यादीत 'तौलनिक धर्म अध्ययन' हा स्वतंत्र विषय आहे, पाली आणि प्राकृतही आहेत, पण नेट पास होणं आणि जागा निघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून मेजर असा घ्या ज्याच्या जाहिराती पेपरात दिसतात, आणि धर्मांचा अभ्यास त्याच्या आत करा. माझी पसंती तत्त्वज्ञानाला, कारण भारतीय दर्शनं आणि धर्माचं तत्त्वज्ञान हे पेपर त्यात असतातच. वडिलांसाठी आणखी एक माहिती: यूपीएससीला तत्त्वज्ञान वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो आणि त्याच्या दुसऱ्या पेपरात धर्माचं तत्त्वज्ञान हा मोठा भाग आहे. जत्रा, देवस्थानं, जात, पुजारी यांच्यात जास्त रस असेल तर समाजशास्त्र घ्या. इतिहास मी तिसऱ्या क्रमांकावर ठेवते. विषय वाईट नाही, पण बऱ्याच ठिकाणी बी.ए.ला राजकीय इतिहासच इतका असतो की धर्माच्या वाट्याला भक्ती चळवळीचं एक प्रकरण येतं.

नव्या शैक्षणिक धोरणातल्या रचनेचा मात्र पुरेपूर फायदा उठवा. मायनर, म्हणजे दुय्यम विषय, म्हणून भाषा घ्या. ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे मेजरच्या शाखेबाहेरचा विषय, सोपे मार्क मिळतात म्हणून घेऊ नका, तुमच्या अभ्यासाला उपयोगी पडेल असं काही असेल ते घ्या. भारतीय ज्ञानप्रणालीचे क्रेडिट सक्तीचे आहेत, ते कसे शिकवले जातात हे शिक्षकावर आहे. काही ठिकाणी चांगलं वाचून घेतात, काही ठिकाणी नुसता गौरव चालतो, तिथे कान उघडे ठेवून बसा. फील्ड प्रोजेक्ट हा तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचा भाग. बाकीची मुलं तो गूगलवरून उरकतात. तुम्ही एका देवळाची, दर्ग्याची किंवा विहाराची वर्षभराची नोंद करा: कोण येतं, पैसा कुठून येतो, कोणता विधी कोणाच्या हक्काचा, त्यावरून भांडण कधी झालं. मुलाखत घेताना परवानगी घ्या आणि नावं लिहिण्याआधी विचारा. एक अट स्वतःला घाला, ठिकाण तुमच्या स्वतःच्या परंपरेचं नको. माळकरी घरातल्या मुलाने दिंडीवर प्रोजेक्ट केला की तो निम्मा आठवणीतून लिहिला जातो.

चौथं वर्ष करावं का? सहा सत्रांत ७.५ किंवा वर सीजीपीए असेल आणि मार्गदर्शक चांगला असेल तर संशोधनासह ऑनर्स करा, नंतर एम.ए. एका वर्षात होतं. मार्गदर्शक नसेल तर तिसऱ्या वर्षी बाहेर पडून दोन वर्षांच्या एम.ए.ला चांगल्या विभागात जा. मी दुसराच रस्ता जास्त जणांना सुचवते.

परदेशाबद्दलही विचारलंय. पदवीलाच परदेशी जायचं असेल तर स्कॉटलंडमध्ये एडिंबराला चार वर्षांची ऑनर्स पदवी आहे, लंडनच्या सोआसमध्ये धर्म आणि आशियाई भाषा दोन्ही आहेत. अमेरिकेत साधारणपणे दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मेजर ठरवतात, त्यामुळे तिथे घाई नसते. खर्च मात्र शिष्यवृत्तीशिवाय आपल्यासारख्यांना झेपणारा नाही, हे स्पष्ट सांगते. जर्मनी लोकांना स्वस्त वाटतं, आणि बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठांना शिकवणी फी नाहीच. पण हायडेलबर्ग ज्या राज्यात आहे तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो पडतात, आणि पदवीचं शिक्षण बहुतेक जर्मनमधून. नुसत्या बारावीवर थेट प्रवेश मिळणंही अवघड. माझ्या मते बी.ए. इथे, एम.ए. तिथे. तोपर्यंत हाताशी एक अभिजात भाषा आणि एक प्रत्यक्ष फिरून केलेलं काम असेल, तर शिष्यवृत्तीच्या अर्जात लिहायला काहीतरी ठोस असतं. जर्मन शिकायला लागा, संस्कृत आणि पालीवरचं जुनं संशोधन त्या भाषेत भरपूर आहे.

निकाल लागेपर्यंत हातात वेळ आहे. मराठी विश्वकोश नेटवर फुकट आहे. वाईहून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी तो उभा केला आणि त्यातल्या धर्म, दर्शन, पंथ यांवरच्या नोंदी अजूनही उत्तम आहेत. रोज दोन वाचा. पां. वा. काण्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांचा आहे, त्याला घाबरू नका, तो सलग वाचायचा नसतोच. व्रतं आणि तीर्थं यांवरचे भाग चाळा.

आणि प्रवेश घेण्याआधी दोन-तीन कॉलेजांत स्वतः जा. वेबसाइटवर पाली किंवा संस्कृत लिहिलेलं असतं आणि गेल्यावर कळतं की शिक्षक निवृत्त झाले, तासिका तत्त्वावर कोणी येतं किंवा येत नाही. म्हणून ऑफिसात न विचारता विभागात विचारा: गेल्या वर्षी या विषयाला किती मुलं होती, शिकवणारं कायम आहे का, आणि मूळ ग्रंथ वर्गात वाचून घेतात की गाइडवर भागतं. या तिन्हींची उत्तरं बरी आली तर कॉलेज कितीही लहान असो, अर्ज भरा. नाव मोठं आणि उत्तरं डळमळीत असतील तर जाऊ नका. दोन कॉलेजांमध्ये अडकलात तर त्यांची माहिती इथेच खाली लिहा, मी बघून सांगेन.