सिरीजमध्ये ४० वॅटचा बल्ब १०० वॅटच्या बल्बपेक्षा जास्त का पेटतो?

तू दहावीत आहेस, व्ही इज इक्वल टू आय आर पाठ आहे पण सर्किटचं गणित आलं की अडतोस, आणि सरांनी वर्गात सांगितलं की १०० आणि ४० वॅटचे दोन बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे एकसर, एकामागोमाग एक लावले तर ४० वाला जास्त उजेड देतो. तुझं म्हणणं असं की करंट आधी १०० वाल्यातून जातोय, तर तोच जास्त करंट खाणार ना? मी नववी-दहावीला विज्ञान शिकवतो, दरवर्षी हे कुणीतरी विचारतंच, आणि जो विचारतो तो खरंच विचार करत असतो म्हणून नीट लिहितो.

पहिलं म्हणजे करंट कुणीच खात नाही. बल्बच्या अलीकडे अॅमीटर, म्हणजे करंट मोजायचं यंत्र, लाव, मग पलीकडे लाव, आकडा तोच येणार. बल्बमध्ये खर्च होते ती ऊर्जा, करंट नाही. सायकलची चेन बघ, पेडल मारलं की चेन मागचं चाक फिरवते आणि तशीच परत येते, चाकापाशी चेन कमी होत नाही, कमी होते ती तुझ्या पायातली ताकद. आणि पेडल हललं की चाक लगेच हलतं, पेडलजवळची कडी चाकापर्यंत पोचायची वाट बघत नाही. तारेतही तसंच. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून १ अँपिअर करंट जात असेल तर इलेक्ट्रॉन सेकंदाला जेमतेम ०.०७ मिलिमीटर सरकतात, म्हणजे तासाभरात साधारण वीतभर. तरी बटण दाबताच बल्ब लागतो, कारण इलेक्ट्रॉन सगळ्या तारेत आधीपासून असतातच आणि ते सगळे जवळपास एकदमच सरकायला लागतात.

त्यामुळे सर्किटमध्ये "आधी कुठला बल्ब, नंतर कुठला" हा प्रश्नच काढून टाक. घरच्या एसीत तर करंटची दिशा सेकंदाला १०० वेळा उलटते, मग आधीचा बल्ब म्हणायचा तरी कुठला? बल्बांची जागा अदलाबदल केली तरी ४० वालाच जास्त पेटेल.

दुसरा गोंधळ, सेल किंवा प्लग ठरावीक करंट देतो असं मुलांना वाटतं. तसं नाही. तो देतो ठरावीक व्होल्टेज, म्हणजे पुस्तकातलं विभवांतर, आणि करंट किती वाहणार हे पुढे काय जोडलंय त्यावर ठरतं. बल्बवर लिहिलेले १०० वॅट पण कायमचे नसतात, २३० व्होल्ट पूर्ण मिळाले तरच १०० वॅट. हे एकदा कळलं ना की निम्मी गणितं सोपी होतात.

आता हिशोब. रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा (सूत्रातला आर), काढायचा तर व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट. २३० चा वर्ग ५२९००, त्याला १०० ने भागलं की ५२९ ओहम, ४० ने भागलं की १३२२.५ ओहम. म्हणजे कमी वॅटच्या बल्बचा रोध जास्त, हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. सिरीजमध्ये दोन्ही मिळून १८५१.५ ओहम, करंट २३० भागिले १८५१.५ म्हणजे साधारण ०.१२४ अँपिअर, आणि तो दोघांतूनही तेवढाच. मग वॅट काढायला आय स्क्वेअर आर, म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध, लाव, ४० वाल्यात साधारण २०.४ वॅट आणि १०० वाल्यात फक्त ८.२ वॅट. व्होल्टेज वाटलं जातं ते पण रोधाच्या प्रमाणात, ४० वाल्याला साधारण १६४ आणि १०० वाल्याला ६६.

प्रत्यक्षात बघितलं तर फरक याहून मोठा दिसतो. ४० वाला पिवळसर का होईना पण उजेड देतो, आणि १०० वाल्यात नुसता लालसर धागा दिसतो, त्याच्या उजेडात वाचता येणार नाही. कारण आपण काढलेला रोध पूर्ण तापलेल्या फिलामेंटचा, म्हणजे त्या धाग्याचा आहे, थंड फिलामेंटचा रोध याच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो. १०० वाला नीट तापतच नाही, त्यामुळे त्याचा रोध आणखी कमी राहतो आणि वाट्याला व्होल्टेजही आणखी कमी येतं. ओहमच्या नियमात "तापमान स्थिर असताना" लिहिलेलं असतं ते याच्यासाठी, ते शब्द उत्तरात गाळू नकोस.

हे घरच्या प्लगवर करून बघू नकोस प्लीज, २३० व्होल्टशी खेळ नको, शाळेत सरांना दाखवायला सांग. आणि एलईडी बल्बवर यातलं काही लागू पडत नाही, त्यात आत ड्रायव्हर सर्किट असतं, जुना तारेचा बल्बच पाहिजे.

इलेक्ट्रिशियनच्या दुकानात सिरीज बोर्ड बघितलायस का? एक होल्डर, त्यात १०० चा बल्ब, शेजारी सॉकेट, आणि दोन्ही सिरीजमध्ये. दुरुस्तीला आलेली इस्त्री आधी त्यात लावतात. आतली कॉइल तुटली असेल तर सर्किट पूर्णच होत नाही, बल्ब लागत नाही. आत शॉर्ट असेल तर बल्ब फुल लागतो पण फ्यूज उडत नाही, कारण बल्बचा रोध मध्ये आहे. आणि १००० वॅटची इस्त्री चांगली असेल तर तिचा रोध फक्त ५३ ओहमच्या आसपास, म्हणून बहुतेक सगळं व्होल्टेज बल्बच घेतो, बल्ब जवळजवळ फुल पेटतो आणि इस्त्रीला ८-९ वॅट मिळतात, ती काही तापत नाही. हे तुझंच गणित आहे बघ, बल्बच्या जागी इस्त्री आली एवढंच.

म्हणून गणित सुटायला एकच सवय लाव, सूत्र लिहायच्या आधी स्वतःला विचार की इथे सगळ्यांना समान काय आहे? एकसर जोडणी असेल तर करंट समान, मग आय स्क्वेअर आर वापर, जास्त रोध जास्त वॅट. समांतर, म्हणजे प्रत्येक बल्ब थेट त्याच दोन टोकांना जोडलेला असेल, तर व्होल्टेज समान, मग व्ही स्क्वेअर बाय आर, इथे कमी रोध जास्त वॅट. घरातलं सगळं वायरिंग समांतर असतं म्हणून तिथे १०० वालाच जास्त पेटतो. अॅमीटर एकसर आणि व्होल्टमीटर समांतर का लावायचा याचं उत्तरही यातच आहे, पाठ करायची गरज नाही.

एक सराव देतो, टॉर्चचे बल्ब आणि दोन सेल आणून करून पण बघता येईल. ३ व्होल्टवर दोन सारखे बल्ब अ आणि ब सिरीजमध्ये लावलेत. आता तिसरा तसाच बल्ब क हा ब ला समांतर जोडला. अ चं काय होईल? बहुतेक मुलं म्हणतात काहीच नाही, कारण अ ला तर आपण हातच लावला नाही. पण ब आणि क मिळून रोध निम्मा झाला, त्यामुळे एकूण रोध घटला आणि करंट वाढला. रोध बदलत नाही असं धरलं तर अ ला आधी १.५ व्होल्ट मिळत होते ते आता २ मिळतात, आणि ब ला १.५ चे १ होतात. अ उजळतो, ब मंदावतो.