आधी पट्टा बघ

अगं, खांद्यावर वळ उठतात म्हणून ब्राच्या नुसत्या वरच्या पट्ट्या सैल करत बसू नकोस. खरा भार छातीखालच्या पट्ट्याने पेलायचा असतो. तो ढिला असला की पाठीवर वर सरकतो आणि सगळं ओझं खांद्यांवर येतं. नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या हुकावर घालून बघ. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जायला हवीत. पुढे इलॅस्टिक सैलावतं, तेव्हा आतले हुक कामाला येतात. मी कितीतरी वर्षं ३६ बी घालत होते, माप निघालं ३४ सी! आकडा पट्ट्याचा, अक्षर कपचं; अक्षर बदललं तरी कप तेवढाच, पट्टा मात्र घट्ट. आणि हो, घातल्यावर जरा वाकून बघ. काठावरून अंग बाहेर आलं तर कप लहान, कापडाला चुण्या पडल्या तर मोठा.