"तिनं नऊ सांभाळली, तुला तीन जड झाली व्हय?"

शुभांगी (नाव बदललं आहे) कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत पहिल्यांदा आली तेव्हा तिला पाचवा महिना होता. पोटात तिळं. लग्नाला सात वर्षं झालेली. गोळ्या-इंजेक्शनं, अंबाबाईला नवस, जोतिबाचे खेटे, सगळं करून दिवस राहिले होते. सोबत आलेल्या सासूबाई बाहेर बाकावर बसल्या. शुभांगीनं दार नीट लागलंय ना ते पाहिलं आणि मगच तोंड उघडलं.

"मॅडम, डॉक्टरांनी तीन ठोके ऐकवले आणि मी रडलो. समद्यांना वाटलं, आनंदानं रडाय लागली. तसं न्हवतं ते. मी लई घाबरलोय."

मग तिनं मोबाईल पुढे केला. नात्यातल्या कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ होता. आफ्रिकेतल्या माली देशातली आई आणि रांगेत बसलेली नऊ मुलं. खाली लिहिलेलं, "बघ, तिनं नऊ सांभाळली, तुला तीन जड झाली व्हय?" आठवडाभरात चौघांनी तो पाठवला होता. "मी वाईट आई हाय का ओ?" तिनं विचारलं.

जुळ्या-तिळ्यांच्या आया हा प्रश्न मला हमखास विचारतात. इतक्या वर्षांनी पदरात पडतंय आणि आपण भितोय, म्हणजे आपल्यातच काहीतरी खोट आहे, असं त्यांच्या मनानं घेतलेलं असतं. मी शुभांगीला लगेच "घाबरू नकोस" म्हटलं नाही. त्या व्हिडिओतल्या बाईची उरलेली गोष्ट आधी सांगितली.

तिचं नाव हलिमा सिसे. मालीत तिच्या पोटात सात बाळं दिसली होती. तिथं एवढी सोय नव्हती म्हणून सरकारनं तिला मोरोक्कोत कॅसाब्लांकाला पाठवलं. बाळंतपणाआधी कित्येक आठवडे ती दवाखान्यात पडून होती. ४ मे २०२१ रोजी, तिसाव्या आठवड्यात सिझेरियन झालं तेव्हा सातऐवजी नऊ बाळं निघाली. पाच मुली, चार मुलगे. वजनं अर्ध्या किलोपासून एक किलोपर्यंत. बाळं काही महिने दवाखान्यात राहिली, त्यानंतरही हे कुटुंब देखरेखीसाठी मोरोक्कोतच थांबलं आणि मायदेशी परतलं ते डिसेंबर २०२२ मध्ये.

"म्हंजे ती एकटीनं न्हाई सांभाळली," शुभांगी हळूच म्हणाली.

"नाही. आणि भ्यायली नसेल असं तुला वाटतं?"

मी तिला आणखी एक सांगितलं, जरा विचार करूनच. १९७१ मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीलाही एका बाईला नऊ बाळं झाली होती. त्यातलं एकही आठवडाभर जगलं नाही. आकडा तोच. सिसेंच्या नावावर विक्रम आहे तो एका बाळंतपणात जन्मून जगलेल्या बाळांचा. गरोदर बाईला हे सांगावं का, असं कुणी विचारेल. मला वाटतं शुभांगीला सांगायला हवं होतं. तिची भीती खोटी नव्हती. तीन बाळं म्हणजे दिवस भरण्याआधी बाळंतपण, कमी वजन, आईला रक्तदाबाचा आणि रक्तस्रावाचा धोका, हे डॉक्टरांनी तिला सांगितलेलं होतं. तिनं ते नीट ऐकलं होतं, एवढाच तिचा गुन्हा.

दुसऱ्या वेळी सासूबाईंना आत घेतलं. त्यांचा पहिला प्रश्न, "आमच्या खानदानात तिळं कुणालाच न्हाई, हिलाच कसं?" जुना ठोकताळा असा, की साधारण ८९ बाळंतपणांत एक जुळं आणि ८९ गुणिले ८९, म्हणजे जवळजवळ आठ हजारांत एक तिळं. पण हा हिशेब आपोआप राहिलेल्या गर्भाचा. बीज तयार व्हायची औषधं घेतली की एकाच महिन्यात दोन-तीन बीजं पिकू शकतात. मी हे सांगितलं, त्यांनी मान हलवली. पटलं की नाही कळेना.

घरी चार म्हशी आहेत हे मला माहीत होतं. विचारलं, "म्हशीला कधी जुळं झालंय?"

"एकदाच. लई अवघड. मी आन् ह्यांनी दोन रात्री गोठ्यातच काढल्या." बोलता बोलता त्या थांबल्या. सुनेकडे बघितलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "दुपारची वैरण आता मी बघते. तू पड जरा."

मी काही बोलले नाही. माझ्यापेक्षा चांगलं त्या बोलल्या होत्या.

मग कामाचं बोललो. शुभांगीचा नवरा शिरोलीत फौंड्रीत आहे, पाळीनं काम. त्याला डॉक्टरांना विचारायचे प्रश्न वहीत लिहून दिले. तिघांची वार (पोटात बाळाला पोसते ती) वेगवेगळी आहे की कुणाची एकच? लवकर कळा आल्या तर बाळांच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन कधी? कमी दिवसांच्या बाळांना ठेवतात तशा तीन काचेच्या पेट्या एकाच वेळी मिळतील असा दवाखाना कोणता, आणि खर्च किती? हा शेवटचा प्रश्न लोक लाजेनं विचारतच नाहीत आणि मग रात्री दोन वाजता गाडी घेऊन फिरतात. डोहाळजेवणाचा हॉल रद्द करून ते पैसे बाजूला ठेवा, हेही मीच सुचवलं. त्याला आणखी एक बजावलं: बाळंतपणानंतर बाळं झोपली असतानाही तिला झोप येईना, सारखं रडू येतंय, जीव नकोसा वाटतोय असं दिसलं तर "हळवी झालीय" म्हणून सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. एकाहून जास्त बाळं झालेल्या आयांमध्ये हे जास्त आढळतं.

धाकट्या दिराचा बेत निराळाच होता. तिळ्यांच्या नावानं चॅनेल काढायचं, रोज रील टाकायचं, चार पैसे येतील. पोरगा मनानं चांगला आहे. त्याला मी कॅनडातल्या दिओन बहिणींचं सांगितलं. २८ मे १९३४ रोजी जन्मलेल्या पाच मुली, पाचजणी मिळून वजन सुमारे सहा किलो. एकाच बाळंतपणात जन्मून लहानपण पार केलेली जगातली पहिली पाच भावंडं. ऑन्टारिओ सरकारनं त्यांना आईबापांपासून काढून घेतलं आणि रस्त्यापलीकडच्या खास इमारतीत ठेवलं. रोज ठरावीक वेळी त्या अंगणात खेळायच्या आणि लोक आडोशाआडून बघायचे. जवळजवळ तीस लाख माणसं येऊन गेली. १९९८ मध्ये सरकारनं तेव्हा हयात असलेल्या तिघी बहिणींना ४० लाख कॅनडियन डॉलर भरपाई दिली, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती.

दिरानं फोन खिशात घातला. "पेटीवरनं फोटो न्हाई काढत मग," म्हणाला.

बत्तिसाव्या आठवड्यात बाळंतपण झालं. दोन मुली, एक मुलगा. थोरली दीड किलोची, धाकटी जेमतेम बाराशे ग्रॅम. तेवीस दिवस पेटीत. नवरा, सासू आणि शुभांगी पाळीपाळीनं एकेकाला उघड्या छातीशी धरून बसायची. घरी आणल्यावर सासूबाईंनी तिघांच्या मनगटांना दोरे बांधले, लाल, हिरवा, पिवळा, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याच रंगांच्या खडूनं खुणा सुरू केल्या, कुणाचं दूध किती वाजता झालं त्याच्या. त्या सही करण्यापुरतंच शिकलेल्या. पण दुधाची एकही पाळी चुकली नाही.

दीड महिन्यानं सकाळी शुभांगीचा फोन आला. मागं कुणीतरी टाहो फोडत होतं.

"पिवळा रडतोय, आत्ती घेत्यात त्याला," ती म्हणाली. "मॅडम, काल रात्री मी सलग चार तास झोपलो."