जुनी पेट्रोल इंजेक्शन गाडी सिग्नलला उभी असताना थरथरते, आरपीएम वर-खाली होतात. आधी काय तपासू?

लगेच पार्ट बदलत सुटू नका. इंजिन आयडलला (रेस न देता चालू) ठेवून एकेका इंजेक्टरचा (सिलिंडरसाठी पेट्रोल फवारणाऱ्या नळीचा) कनेक्टर काढा आणि परत लावा. ज्याचा काढूनही फरक पडत नाही, तो सिलिंडर मिस मारतोय, म्हणजे त्यात पेट्रोल नीट जळत नाही. इंजिन बंद करून त्याचा स्पार्क प्लग शेजारच्या सिलिंडरला लावून बघा, मग प्लगला वीज देणारी कॉइल. दोष सोबत गेला तर तोच भाग खराब. जागेवरच राहिला तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा.

सगळ्यांनी सारखाच फरक दाखवला तर संशय हवेवर. इंजिनच्या हवेच्या वाटेला जोडलेले रबरी व्हॅक्यूम होज (नळ्या) टोकाशी तडकतात (इंजिनमधली वाफ परत आत नेणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हचा तर हमखास विसरला जातो), न मोजलेली हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. रेस दिल्यावर थरथर जात असेल तर बहुधा हेच, कारण तेव्हा एकूण हवेपुढे गळती नगण्य ठरते. होज एकेक करून चिमटीत दाबून बघा.

होज ठीक असतील तर थ्रॉटल बॉडीतली (इंजिनात जाणारी हवा पाकळीने कमी-जास्त करणारा भाग) काजळी क्लीनर आणि कापडाने पुसा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी मात्र बोटाने ढकलू नका. आयडल स्क्रू पिळून आरपीएम वाढवला तर दोष फक्त झाकला जातो.